हिवरटाक्याच्या पुलाची जलद मंजुरी

वडवणीच्या एसटी स्टँडवर चौतीस वर्षं काचेच्या खिडकीमागे बसून गाड्या सोडल्यावर आदिनाथराव कंट्रोलर निवृत्त झाले आणि आपल्या गावी, हिवरटाक्याला, येऊन राहिले. त्यानंतर बरोबर सातव्या महिन्यात हिवरटाक्याची गाडी बंद झाली. यात आदिनाथरावांचा काहीएक दोष नव्हता, पण हे गावाला पटवणं अवघड होतं. माणूस पाण्याच्या खात्यातून निवृत्त झाला की नळाला पाणी न येण्याचा जाब त्यालाच विचारतात, तसं ते होतं. पारावरून जाताना एक तरी आवाज यायचाच, "काय कंट्रोलर, गाडी कावून येईना?"

गाडी येईना, कारण गावाच्या वेशीबाहेरचा पूल. त्या पावसाळ्यात पुलाच्या कठड्याचा हातभर तुकडा नदीत पडला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन पाटी ठोकून गेलं: 'पूल धोकादायक. जड वाहनांस बंदी.' एसटी कायदा पाळणारी, म्हणून ती बंद झाली. जीप, टमटम आणि दुधाची गाडी हलक्यात मोडत असल्यामुळं चालू राहिल्या. ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे ट्रक पाटी वाचण्याइतके थांबत नसत, त्यामुळं तेही चालू होते. राहता राहिली कॉलेजच्या पोरींची आणि म्हाताऱ्यांची पायपीट, फाट्यापर्यंत तीन किलोमीटर.

एके दिवशी सलूनमध्ये दाढीचा साबण वाळत असताना आदिनाथरावांनी पेपरात बातमी वाचली. धोकादायक पुलांच्या दुरुस्तीचे प्रस्ताव पंचेचाळीस दिवसांत निकाली काढायचे, त्यासाठी 'जलद मंजुरी कक्ष' उघडला आहे, नागरिकांनी अर्ज करावेत. आदिनाथराव अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले.

"पंचेचाळीस दिवस!" ते बायकोला म्हणाले. "सुरेखा, दिवाळी झाली की गाडी सुरू."

सुरेखाबाई ज्वारी निवडत होत्या. "अहो, तुमच्या निवृत्तीच्या कागदावर तुमचं नाव अनंतराव पडलं होतं. ते दुरुस्त व्हायला सहा महिने लागले. पूल तर केवढा मोठा आहे."

शेजारचे त्रिंबकराव मात्र खूश झाले. त्रिंबकरावांनी आयुष्यात स्वतः एकही अर्ज केला नव्हता आणि त्यामुळं अर्जाच्या बाबतीत त्यांचा सल्ला अतिशय शुद्ध राहिला होता. "आदिनाथराव, अर्जात 'तातडीनं' असा शब्द टाकू नका. साहेबाला वाटतं, आपल्याला शिकवतोय. आन् 'सवडीनं' बी टाकू नका. सवड त्यांच्याकडं लई हाय."

आदिनाथरावांनी दोन्ही शब्द टाळून अर्ज लिहिला आणि इस्त्रीचा शर्ट घालून कक्षात दाखल झाले. कक्ष म्हणजे एका जुन्या कचेरीच्या व्हरांड्यात प्लायवुड ठोकून केलेली खोली होती. आत बंकट नावाचा कारकून बसला होता. बंकट वागायला इतका नम्र होता की त्याच्यावर रागावता येत नसे, आणि हीच त्याच्याबाबतीतली मोठी अडचण होती.

"फार चांगलं केलंत साहेब," बंकट म्हणाला. "आता फक्त एवढं सांगा, पूल कुणाचा?"

"हिवरटाक्याचा."

"गाव नाही विचारलं. खातं कोणतं?"

आदिनाथरावांनी अर्जाचा कागद उलटून पाहिला. पूल हा कुणाचा तरी असावा लागतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. बंकटनं त्यांना रस्त्यांच्या खात्यात पाठवलं. तिथल्या वहीत रस्ता पुलाच्या अलीकडं संपत होता आणि पलीकडून पुन्हा सुरू होत होता. मधल्या सत्तर फुटांबद्दल वही काही बोलत नव्हती. मग ते पाण्याच्या खात्यात गेले. तिथले साहेब म्हणाले, "नदी आमची. पण पाण्याच्या वर जे काय असेल, त्याच्याशी आमचा संबंध नाही." चार खेपांनंतर एका म्हाताऱ्या शिपायानं सांगितलं, की तो पूल बहात्तरच्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून बांधला होता. त्या कामांची कागदपत्रं एका खोलीत होती. खोलीत वाळवी होती. आता नुसती वाळवी होती.

"बेवारस पुलाला मंजुरी कशी द्यायची?" बंकट कळवळून म्हणाला. "पण साहेब, एक मार्ग आहे. त्या कामावर राबलेलं एखादं माणूस हयात असेल तर त्याचं शपथपत्र आणा. सरकारी काम होतं, अमुक साली झालं, एवढं शपथेवर आलं की पूल सरकारचा."

हिवरटाक्यात असं एकच माणूस उरलं होतं. दगडाबाई. सत्तरीची, काटक, गावाच्या कडेला एका खोलीत राहणारी. तिचा मुलगा नाथा आणि सून बबिता दसरा झाला की ऊसतोडीला जात आणि चैत्रात परतत. मधले सहा महिने दगडाबाई, दोन शेळ्या आणि नाथानं ठेवून दिलेला बटणाचा फोन, एवढंच घर असे.

आदिनाथराव तिच्या ओट्यावर जाऊन बसले. "मावशी, बहात्तरला तुमी पुलाच्या कामावर व्हता ना?"

दगडाबाईनं शेळीपुढं पाला टाकला. "व्हते की. अठराची असंन. पल्याडच्या टेकाडावरून दगड वाहिले. मधल्या खांबाला माझे हात लागल्याले हायेत. कावून?"

"पूल धोकादायक झालाय. दुरुस्तीला तुमची साक्ष पायजे."

दगडाबाई पाला टाकायची थांबली. "काय झालाय?"

"धोकादायक. म्हणजे पडायला झालाय."

"तुजा पूल आसंन पडायला झाल्याला," दगडाबाई म्हणाली. "आमचा न्हाई."

यानंतर आठ दिवस आदिनाथराव रोज त्या ओट्यावर जात होते. शपथपत्राच्या मसुद्यात 'सदर धोकादायक पूल' असे शब्द होते आणि त्या शब्दांवर दगडाबाई अंगठा द्यायला तयार नव्हती. चौतीस वर्षांत आदिनाथरावांनी दारू प्यालेले ड्रायव्हर, भांडखोर कंडक्टर आणि गाडीच्या टपावर बोकड चढवणारे पाहुणे सांभाळले होते. पण असा प्रवासी त्यांना भेटला नव्हता. त्रिंबकरावांनी सल्ला दिला, की म्हातारीला काही न सांगता अंगठा घ्यावा. हा सल्ला आदिनाथरावांना इतका लागला, की दोन दिवस ते त्रिंबकरावांशी बोलले नाहीत. शेवटी ते वडवणीला जाऊन मसुदा नव्यानं टाइप करून आले. त्यात 'धोकादायक' कुठंच नव्हतं. 'सदर पूल आम्ही बांधला' एवढंच होतं. दगडाबाईनं तो दोनदा वाचून घेतला आणि मान हलवली. "ह्ये खरं हाय. ह्येला देते."

अंगठा देणंच मात्र अडलं. सेवा केंद्रातल्या यंत्रावर दगडाबाईनं अंगठा ठेवला, यंत्र लाल झालं. दुसरा ठेवला, लाल. मग एकेक करून दहाही बोटं झाली. केंद्रातल्या पोरीनं बोटं पुसली, तेल लावून पाहिलं, पुन्हा पुसली. "आजी, तुमच्या बोटावर रेषाच न्हाईत."

"झिजल्या आसतीन," दगडाबाई म्हणाली. तिला यात काही विशेष वाटलं नाही. आदिनाथरावांनी आपले हात नकळत खिशात घातले.

अखेर शाईचा अंगठा, दोन साक्षीदार आणि तालुक्याच्या साहेबांसमोर हजेरी, असं ठरलं. साहेबांनी म्हातारीला बघून खुर्ची द्यायला सांगितली आणि विचारलं, पूल कसा बांधला ते सांगा. दगडाबाईनं पाऊण तास सांगितलं. चुना कुठून आला, खायला सुकडी कुणी वाटली, मुकादमानं कुणाला शिव्या दिल्या आणि त्या मुकादमाला उलट कुणी दिल्या. बाहेर रांग लागली, पण साहेबांनी तिला थांबवलं नाही. परतताना जीपमध्ये ती आदिनाथरावांना म्हणाली, "मानूस बरा हाय. समदं ऐकलं."

त्या दिवशी अर्ज पूर्ण झाला आणि पंचेचाळीस दिवसांची मोजणी सुरू झाली. आदिनाथरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारायला घेतली.

नवव्या दिवशी मोहिनी नावाची तरुण इंजिनिअर पाहणीला आली. ती साडीचा पदर खोचून नदीत उतरली, खांब ठोकून पाहिले, फुटपट्टी लावून वहीत आकडे मांडले. दगडाबाई काठावर बसून तिच्यावर नजर ठेवून होती. शेवटी मोहिनी वर आली आणि म्हणाली, "आजी, तुमचं बांधकाम पक्कं आहे. एक दगड हललेला नाही. पण मधल्या खांबाखालची वाळू कुणीतरी उपसून नेलीय. खांब खालून लोंबकळतोय."

वाळू कुणाच्या ट्रॅक्टरनं गेली ते गावाला ठाऊक होतं, त्यामुळं सगळे नदीकडं बघत राहिले. दगडाबाई तेवढी जिंकल्यासारखी आदिनाथरावांकडं वळली. "आइकलंस? पूल पक्का हाय. जमीन चोरीला गेली, त्येला पूल काय करील?"

मोहिनीनं अहवालात लिहिलं, की दुरुस्ती शक्य आहे, तोवर जड वाहनं नकोत, हलकी वाहनं एका बाजूनं सोडायला हरकत नाही. अहवाल वर गेला. वरच्या माणसानं त्यातला 'लोंबकळतो' हा एक शब्द वाचला. दहाव्या दिवशी सकाळी पिवळं यंत्र आलं आणि त्यानं पुलाच्या दोन्ही तोंडांना पुरुषभर खोल खंदक खणले. या कामाला शपथपत्र लागलं नाही, अंगठा लागला नाही, पूल कुणाचा हेही कुणी विचारलं नाही. अकरा वाजता यंत्र आलं होतं, एकला परत गेलं.

आता जीपही बंद झाली, टमटमही बंद झाली. दूधवाला कॅन डोक्यावर घेऊन खंदकात उतरू लागला. गाडीनं वडवणीला जायचं तर धारूरच्या डोंगराकडून अडतीस किलोमीटरचा वळसा पडू लागला. पाराशेजारून जाताना आता कुणी "गाडी कावून येईना" असं विचारत नव्हतं. लोक बोलायचे थांबत आणि आदिनाथराव पुढं गेले की पुन्हा बोलू लागत. एकदा ताराबाई नावाची बाई खंदकातून घसरून मनगट मोडून आली. ती आदिनाथरावांच्या दारात उभी राहिली आणि प्लास्टर दाखवून म्हणाली, "कंट्रोलर, तुमी अर्ज न्हाई केला आस्ता, तर बरं झालं आस्तं." बोलताना तिचा आवाज चढला नाही. सुरेखाबाईंनी तिला चहा दिला. आदिनाथराव आतल्या खोलीत कॅलेंडरसमोर उभे राहिले.

ते कक्षात गेले आणि खंदकाची तक्रार केली. बंकट हळहळला. "साहेब, खंदक बुजवायला वेगळा प्रस्ताव लागतो. आणि तो जलदमध्ये बसत नाही. जलद फक्त दुरुस्तीला आहे."

त्रिंबकरावांनी रातोरात खंदक बुजवून टाकायचा सल्ला दिला. खरं तर तेवढा एकच सल्ला ऐकण्यासारखा होता. पण आदिनाथरावांनी जन्मात सिग्नल तोडला नव्हता. "नियमानंच होईल," ते म्हणाले. "पंचवीस दिवस तर राहिलेत."

तिसाव्या दिवशी सकाळी दगडाबाई शेळ्यांसाठी तुरीचा भुसा चाळत होती. तिथंच ती छाती धरून बसली. शेजारच्या बाईनं आरडाओरडा केला. आदिनाथरावांनी फोन केला. अँब्युलन्स वडवणीहून पटकन आली आणि खंदकाच्या पलीकडं उभी राहिली.

खाट उचलायला आदिनाथराव, त्रिंबकराव आणि वाटेवरचे दोन मेंढके होते. खाट पुलावर न्यायची तर आधी अलीकडच्या खंदकात उतरवायची होती. खंदकाच्या कडा कोरड्या, हात लावला की माती ढासळत होती. खाट तिरपी व्हायला लागली तेव्हा त्रिंबकराव, ज्यांनी आयुष्यात सल्ल्याखेरीज काही दिलं नव्हतं, ते खाली उतरले, गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "पाठीवर द्या." त्यांनी दगडाबाईला पाठीवर घेतलं, वर चढवलं, पुन्हा खाटेवर ठेवलं. पुलावरून जाताना एका मेंढक्यानं तोल सावरायला कठड्याला हात लावला.

"कठडा धरू नगंस," दगडाबाई डोळे न उघडता म्हणाली. "त्यो मागून बसवल्याला हाय. आमचा न्हाई."

पलीकडच्या खंदकात पुन्हा तेच झालं. त्रिंबकरावांचे गुडघे सोलून निघाले होते. अँब्युलन्सचं दार लागलं तेव्हा आदिनाथराव तिच्याजवळ बसले. वाटेत तिनं एकदा विचारलं, "शेळ्या बांधल्यात का रं?" त्यांनी बांधल्यात म्हणून सांगितलं. बांधल्या होत्या की नाही, ते त्यांना माहीत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि थोड्या वेळानं कागद पुढं ओढून विचारलं, "दुखायला कधी लागलं?"

"दहा दहा," आदिनाथराव म्हणाले.

"अँब्युलन्स?"

"दहा बत्तीसला खंदकापाशी. पलीकडं अकरा वीसला. इथं अकरा एकेचाळीस."

डॉक्टरांनी वर पाहिलं. इतक्या नेमक्या वेळा त्यांना कुणी सांगत नसे. ते लिहीत गेले. आदिनाथराव समोर उभे राहून बत्तीस ते वीस, अठ्ठेचाळीस मिनिटं, असा हिशेब पुन्हा पुन्हा करत राहिले. तो दर वेळी तेवढाच यायचा.

नाथा आणि बबिता दुसऱ्या दिवशी दुपारी उसाच्या फडावरून पोचले. पुलाच्या अलीकडं नदीकाठीच दगडाबाईला अग्नी दिला. आदिनाथराव सगळ्यांच्या मागं उभे होते. नाथानं आपल्याला चार शब्द बोलावेत, शिव्या द्याव्यात, असं त्यांना फार वाटत होतं. नाथा आला, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला आणि म्हणाला, "काका, तुमीच व्हता तिच्यापाशी."

सातव्या दिवशी नाथा त्यांच्या घरी आला. बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. "काका, तेराव्याला आईचा फोटो लावायचा व्हता. आमच्याकडं एक बी न्हाई. आधारवर हाय, पन त्यो तिचा वाटत न्हाई. ती मागं म्हणली व्हती फोनवर, कंट्रोलरनं माझा फोटो काढलाय म्हून."

काढला होता. शपथपत्रावर चिकटवायला वडवणीच्या एका स्टुडिओत आदिनाथरावच तिला घेऊन गेले होते. फोटोवाल्यानं पदर नीट करायला सांगितला, तर ती म्हणाली होती, कामावरचा हाय, कामावरचा दिसू दे. आदिनाथराव आधी स्टुडिओत गेले. फोटोवाल्यानं लग्नसराईत कार्ड भरलं म्हणून जुनं सगळं पुसून टाकलं होतं. म्हणजे तो फोटो आता जगात एकाच ठिकाणी होता.

आठव्या दिवशी ते कक्षात शिरले तर बंकट उठून उभा राहिला आणि पेढ्याचा पुडा पुढं करत म्हणाला, "साहेब, अभिनंदन! झाली मंजुरी. अडतीस दिवसांत! आख्ख्या विभागात आपला पहिला नंबर. फाईल आजच वरून सहीनिशी परत आली. मोठे साहेब म्हणाले, त्या कंट्रोलरांचा सत्कार करायचा."

आदिनाथरावांनी पेढा हातात धरला. "मला त्यातला फोटो पाहिजे."

"कुठला फोटो?"

"दगडाबाईंचा. शपथपत्रावरचा. त्या वारल्या."

बंकट खाली बसला. काही वेळ त्यानं टेबलावरची टाचण्यांची डबी इकडून तिकडं केली. "साहेब, मूळ कागद फाईलमधून काढता येत नाही. नकलेसाठी अर्ज करायचा म्हटलं तर..." तो आकडा बोलणार होता, पण थांबला. मग त्यानं कपाट उघडलं, फाईल काढली, सुतळी सोडली आणि शपथपत्राचं पान खिडकीच्या उजेडात धरलं. स्वतःचा मोबाइल काढून त्यानं तीनदा फोटो घेतला. पहिल्या दोनांत खिडकीचा उजेड चमकला.

"हे नियमात नाही," तो म्हणाला. "तुम्ही पाहिलं नाही असं समजा."

"पाहिलं नाही," आदिनाथराव म्हणाले. पेढा टेबलावर ठेवून ते निघाले.

फोटो मोठा करून चौकटीत बसवला तेव्हा एक गोष्ट ठळक दिसू लागली. शपथपत्रावरचा निळा गोल शिक्का फोटोवर अर्धा चढला होता. दगडाबाईच्या कानापासून खांद्यापर्यंत तो आला होता, आणि त्यातली 'समक्ष' ही अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. तेराव्याला चौरंगावर हार घालून फोटो ठेवला. बायका येऊन पाया पडत होत्या. ताराबाईनं प्लास्टरच्या हातानं कुंकू वाहिलं.

त्रिंबकराव हळूच म्हणाले, "नाथा, फोटोवाल्याला सांगायचं ना लेका. कॉम्प्युटरवर शिक्का पुसून निघतो."

"त्यो पुसत व्हता," नाथा म्हणाला. "मीच नगं म्हणलं. ती लई खूश झालती त्या दिवशी. साहेबानं खुर्ची दिली म्हून तीनदा फोन केला तिनं मला. ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी उजाडता नाथा आणि बबिता परत फडावर निघाले. हंगाम अजून बाकी होता. शेळ्या सुरेखाबाईंनी आपल्या दावणीला बांधून घेतल्या होत्या. आदिनाथराव एक गाठोडं उचलून पुलापर्यंत सोबत आले. पहिला खंदक तिघांनी ओलांडला. दुसऱ्या खंदकात नाथा आधी उतरला, त्यानं बबिताला हात दिला, दोघं पलीकडं चढले. आदिनाथराव काठावर पोटावर आडवे झाले आणि त्यांनी गाठोडं खाली सोडलं. नाथानं पुन्हा उतरून ते घेतलं.

"काका, दुरुस्तीचं काम कवा निघल?"

"मार्चात म्हणतात."

"मग आमी येऊच तवर. मजूर लागतीन. आमचं नाव सांगून ठिवा."

"सांगतो," आदिनाथराव म्हणाले.

ते दोघं फाट्याच्या दिशेनं चालू लागले. आदिनाथराव उठले. शर्टाला लागलेली माती त्यांनी झटकली नाही. दोघं वळणाआड होईपर्यंत ते खंदकाच्या अलीकडं उभे राहिले, आणि नंतरही बराच वेळ.